लपवायची ती वेळ, जहाज नव्हे

गेटवेवरून घारापुरीची लाँच सुटली की थोड्याच वेळात डाव्या हाताला नौदल गोदी दिसू लागते. राखाडी डोलकाठ्या, रडारचे गोळे, धक्क्याला लागलेली एखादी विनाशिका, तिच्या अंगावर रंगवलेला क्रमांक. लाँचवरचे निम्मे मोबाइल तिकडे वळतात. एखाद्या फेरीत खलाशी हात हलवून "फोटो नको, नेव्ही आहे" म्हणतो. पुढच्या फेरीत तोच खलाशी सीगलना गाठ्या टाकणाऱ्या पोरांकडे बघत निवांत बसलेला असतो. किनाऱ्यावर एक हवालदार सांगतो, मोबाइल चालेल, मोठी लेन्स नको. दुसरा म्हणतो लेन्स चालेल, पण तिपाई लावू नका. आणि ज्या जहाजावरून ही घासाघीस चाललेली असते, त्याचे स्वच्छ, जवळून काढलेले फोटो नौदलानेच जलावतरणाच्या आणि ताफ्यात दाखल होण्याच्या दिवशी प्रसिद्ध केलेले असतात.

युद्धनौकांचे फोटो काढण्याचा छंद मुंबईत चोरून करावा लागतो, याचं कारण नियम कडक आहेत हे नाही. नियमाची हद्द कुठेच लिहिलेली नाही, हे आहे. ती हद्द लिहावी आणि ती आखताना 'काय दिसलं' यापेक्षा 'कधी दिसलं' याला जास्त वजन द्यावं, एवढीच या लेखाची मागणी आहे. मात्र तिची अर्धी जबाबदारी छंदी लोकांवरही येते, आणि ती झटकून टाकणारे या गोटात कमी नाहीत.

आधी कायदा पाहू. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम २ मध्ये मनाई असलेल्या जागेची व्याख्या आहे आणि त्यात नौदलाच्या तळाबरोबर सरकारी मालकीचं जहाजही येतं. म्हणजे समुद्रात उभी असलेली विनाशिका ही कायद्याच्या भाषेत एक तरंगती 'जागा'च आहे. कलम ३ हेरगिरीचं. राज्याच्या सुरक्षेला बाधक अशा हेतूने तिथे जाणं, टेहळणी करणं, शत्रूला उपयोगी पडू शकेल असा आराखडा किंवा माहिती गोळा करणं हा गुन्हा, आणि विषय संरक्षणाचा असेल तर शिक्षा १४ वर्षांपर्यंत. 'उपयोगी पडू शकेल' हे शब्द फार रुंद आहेत. त्यात टपाल तिकिटावरचं जहाजही बसवता येईल. शिवाय हेतू सिद्ध करायला प्रत्यक्ष कृतीचा पुरावा लागतोच असं नाही. परिस्थिती, वर्तन आणि माणसाची ख्याती यांवरूनही तो मानता येतो. तेव्हा "माझा हेतू चांगला होता" हे वाक्य ठाण्यात फारसं कामाला येत नाही.

पण याच कायद्यात एक तरतूद आहे, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून एखादी सरकारी जागा मनाईची ठरवतं, तेव्हा त्या अधिसूचनेची प्रत त्या जागी इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावलेली असली पाहिजे, असं व्याख्येतच म्हटलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलाही हे कळत होतं की मनाई करायची तर ती लोकांना वाचता यावी. नौदलाचे तळ आणि जहाजं मुळातच व्याख्येत असल्यामुळे त्यांना ही अट लागू नाही, पण तिच्यामागचं शहाणपण त्यांनाही लागू व्हायला हरकत नाही. आज जे फलक दिसतात ते 'फोटो काढण्यास मनाई' एवढंच सांगतात. कशाचा फोटो? कुठून? भिंतीचा, फाटकाचा, की अडीच किलोमीटरवर नांगरलेल्या जहाजाचा?

आपला हा कायदा ज्या ब्रिटिश कायद्याच्या साच्यातून निघाला, तो १९११ चा. ब्रिटनने २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय सुरक्षा कायदा करून तो जुना कायदा मोडीत काढला. आपल्याकडे दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्येच १९२३ चा कायदा रद्द करून त्यातलं आवश्यक तेवढं राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यात घालावं अशी शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. मुंबईला कॅमेऱ्याची भीती वाटते तिला आधार आहे. २६/११ च्या हल्ल्याआधी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने २००८ च्या एप्रिलमध्ये मुंबई बंदरात बोटीतून फेऱ्या मारल्या आणि व्हिडिओ काढले, हे त्यानेच अमेरिकेतल्या न्यायालयात कबूल केलं आहे. दिसायला तो पर्यटकच होता. त्यानंतर सात महिन्यांनी समुद्रातूनच दहा जण आले. तेव्हा धक्क्यावरचा जवान लांब लेन्सवाल्याकडे संशयाने पाहत असेल तर त्याला हसण्यात अर्थ नाही. मात्र हेडलीच्या चित्रणात महत्त्व कशाला होतं, हेही पाहायला हवं. उतरायच्या जागा, किनाऱ्यावरची ये-जा, हॉटेलांकडे जाणारे रस्ते. यातली एकही गोष्ट 'नौदलाचा फोटो काढू नका' या फलकाने झाकली गेली नसती.

मग झाकण्यासारखं नेमकं काय असतं?

डिसेंबर १९७१ चं उदाहरण घ्या, कारण नौदल दिन त्याच रात्रीचा आहे. कराचीवर हल्ला करणाऱ्या क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत ओसा वर्गातल्या होत्या. त्या वर्गाच्या नौका सोव्हिएत संघाने कितीतरी देशांना दिल्या होत्या. त्यांची लांबी, त्यांच्यावरची चार क्षेपणास्त्रं, सगळं जगजाहीर होतं. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर कुठे आहेत, हे मात्र कराचीला माहीत नव्हतं. हल्ला यशस्वी झाला तो या अज्ञानावर. त्या नौकांचा फोटो कोणी वर्षभर आधी काढून भिंतीवर लावला असता तरी काही बिघडलं नसतं. त्या बंदरातून निघाल्याची खबर त्याच संध्याकाळी गेली असती तर सगळंच बिघडलं असतं.

पाणबुडीचंही तेच, किंबहुना जास्त. कलवरी वर्गाची पाणबुडी साडेसदुसष्ट मीटर लांब आहे, हे नौदलच सांगतं. ती पाण्यावर असताना दिसतो तो काळा पाठीचा पट्टा, वर आलेलं शीड, म्हणजे पाठीवरचा उभा मनोरा, आणि शिडाच्या दोन्ही बाजूंना आडवे पंख. जुन्या सिंधुघोष वर्गाचं शीड लांबट आणि त्यावर पंख नाहीत. एवढ्या खुणेवरून सरावलेला माणूस दोन वर्ग लांबून ओळखतो आणि यात गुपित काही नाही. गुपित पाण्याखाली असतं. मळसूत्री पंख्याची पाती किती, त्यांचा पीळ कसा, यावरून तिचा आवाज कसा असेल याचा अंदाज बांधता येतो. म्हणूनच जलावतरणाच्या समारंभात पंख्यावर कापड घातलेलं असतं, आणि बाकी सगळ्या अंगाचे फोटो वर्तमानपत्रांना मोकळे असतात. काय झाकायचं आणि काय दाखवायचं हे नौदलाला नीट कळतं. प्रश्न आहे तो हा विवेक गोदीच्या भिंतीबाहेर का येत नाही, याचा.

दुसरं गुपित म्हणजे निघण्याची आणि परतण्याची वेळ. पाणबुडी बुडी मारायच्या आधी बंदराच्या उथळ पाण्यातून वरूनच जाते. तेवढाच तिचा काळ उघड्यावरचा. ती आज सकाळी बाहेर पडली हे त्याच दिवशी कळणं हे तिच्या कुठल्याही मापापेक्षा मोलाचं आहे.

कॅमेऱ्याला किती दिसतं याबद्दलही दोन्ही बाजूंना भ्रम आहेत, म्हणून थोडं गणित. विशाखापट्टणम वर्गाची विनाशिका १६३ मीटर लांब. पूर्ण आकाराच्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर. दीड किलोमीटरवरून तिने चौकट काठोकाठ भरायची तर ३६ गुणिले १५०० भागिले १६३, म्हणजे सुमारे ३३० मिलिमीटरची लेन्स लागते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला २२० पुरते. म्हणजे दुकानात सहज मिळणाऱ्या ७०-३०० मिलिमीटरच्या झूम लेन्सने काम भागतं. आता चार मायक्रॉनचा पिक्सेल आणि ४०० ची लेन्स धरा. दोन किलोमीटरवरच्या जहाजाचे दोन सेंटिमीटर एका पिक्सेलमध्ये बसतात. युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह कोणालाही फुकट चित्रं देतो, पण त्याचा पिक्सेल दहा मीटरचा. उत्तमातले व्यापारी उपग्रह तीस सेंटिमीटरपर्यंत येतात. म्हणून "उपग्रहातून सगळं दिसतंच, मग आमच्या कॅमेऱ्यानेच काय होतं?" हा छंदी लोकांचा आवडता युक्तिवाद लंगडा आहे. डेकवर नवी तोफ बसली, डोलकाठीवर एखादी अँटेना बदलली, हे उपग्रहापेक्षा लाँचवरच्या माणसाला चांगलं दिसतं. पण हेच बारकावे बंदरात येणाऱ्या प्रत्येक परदेशी व्यापारी जहाजाच्या सुकाणूकक्षातूनही दिसतात, आणि माझगावच्या नव्या टॉवरांच्या वरच्या मजल्यांवरून तर चहा पिता पिता दिसतात. त्यांच्यासाठी कोणी फलक लावलेला नाही.

खरी गळती कुठून झाली ते पाहिलं की 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण आठवते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये एका ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्राने आपल्या स्कॉर्पीन, म्हणजे याच कलवरी वर्गाच्या, पाणबुड्यांविषयीची बावीस हजारांहून जास्त पानं फुटल्याचं उघड केलं. ती कागदपत्रं होती. कोणाच्या झूम लेन्सचा तिथे संबंध नव्हता. २०१९ च्या डिसेंबरमध्ये नौदलाने आपल्याच जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोनला बंदी घातली, कारण नौसैनिकांनाच समाजमाध्यमांवरच्या गोड ओळखींतून फशी पाडलं गेलं होतं. हेरगिरी करणाऱ्याला गेटवेच्या कठड्यावर उन्हात उभं राहायची गरज पडत नाही.

तरीही छंदी लोकांनी आपलं घर आधी आवरावं. सगळ्यात मोठी चूक एकेका फोटोची नसते, मालिकेची असते. एकाच खिडकीतून रोज सकाळी एक फोटो आणि खाली जहाजांची नावं, असं तीन महिने चाललं की तयार होते ती नोंदवही: कोणती फ्रिगेट किती दिवस समुद्रात राहते, किती दिवस धक्क्याला, कोणती दुरुस्तीत अडकली आहे. फोटो काढणाऱ्याच्या मनात पापसुद्धा नसतं. पण शत्रूच्या विश्लेषकाचं काम त्याने फुकटात केलेलं असतं. दुसरी चूक मोबाइल करतो. प्रत्येक चित्रात वेळ सेकंदापर्यंत आणि जागा काही मीटरपर्यंत नोंदली जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ठिकाणाची नोंद बंद करावी आणि चित्र कुठेही टाकण्याआधी त्यात दडलेली ही वेळ-जागेची नोंद, म्हणजे एक्झिफ माहिती, पुसावी. नुसती चित्राची साइज कमी केल्याने ती जातेच असं नाही.

तिसरी गोष्ट उशीर. पृष्ठभागावरच्या जहाजाचा फोटो निदान आठ दिवसांनी, तारखेविना टाकावा. पाणबुडीचा समारंभाखेरीज टाकूच नये, काढला तरी घरात ठेवावा. सीमेवर तणाव असेल, जसा २०२५ च्या मे महिन्यात होता, तेव्हा कॅमेरा कपाटात. त्या दिवसांत सरकारने वृत्तवाहिन्यांनाही सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका असं बजावलं होतं. तिथेही मुद्दा 'थेट' या शब्दाचाच होता. ड्रोनचा तर विषयच नको. नौदलाच्या परिसरावर ड्रोन नेणं हा छंद नाही, तो वेडेपणा आहे, आणि त्याने मागे उभ्या असलेल्या पन्नास प्रामाणिक लोकांचे कॅमेरे बंद होतात.

अडवलं तर काय करावं? वाद घालू नये. पहारेकऱ्याच्या कामात अडथळा आणणं हा त्याच कायद्याच्या कलम ७ खाली वेगळा गुन्हा आहे. ओळखपत्र दाखवावं, काढलेली चित्रं दाखवावीत. "डिलीट करा" म्हटलं तर बहुतेक जण करतात, आणि त्या क्षणी तेच शहाणपणाचं असतं. पण या प्रथेतली गंमत बघा. फोटो हा गुन्हा असेल तर तो पुरावा आहे, आणि पुरावा पुसायला लावणं चूक. गुन्हा नसेल तर पुसायला लावण्याचा अधिकार आला कुठून? कॅमेराच जप्त होत असेल तर मात्र जप्तीची यादी मागावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण पोलिसांनीच करायचं असतं.

मर्यादा पाळूनही या छंदात शिकण्यासारखं भरपूर आहे, हे न करणाऱ्यांना ठाऊक नसतं. मुंबईचं बंदर शहराच्या पूर्वेला. त्यामुळे सकाळी किनाऱ्यावरून काढलेलं प्रत्येक जहाज सूर्याच्या आड येतं, नुसती काळी आकृती. सकाळची पहिली लाँच पकडून पाण्यावरून पश्चिमेकडे पाहावं, किंवा दुपारी तीननंतर अपोलो बंदराच्या कठड्यावरून पूर्वेकडे. नांगरलेलं जहाज प्रवाहाकडे तोंड करतं. भरतीचं पाणी आत येत असताना त्याचं नाक दक्षिणेला असतं आणि किनाऱ्यावरून त्याची उजवी बाजू दिसते, ओहोटीला डावी. म्हणजे कोणती बाजू मिळणार हे भरतीच्या कोष्टकात आदल्या दिवशी वाचता येतं. पाणी चमकत असलं की कॅमेरा फसतो आणि राखाडी अंग काळवंडतं. उजेड दोन-तृतीयांश स्टॉपने वाढवावा. लाँचचं इंजिन कठड्याला थरथरवतं, म्हणून कोपर टेकू नये, गुडघे सैल ठेवावेत आणि शटर एक हजारांशाच्या खाली आणू नये. अकरा ते तीनच्या दरम्यान लांब लेन्सला पाण्यावरची तापलेली हवा उकळताना दिसते. तेव्हा कितीही महागडी लेन्स असली तरी डोलकाठी वितळल्यासारखीच येणार. डिसेंबर-जानेवारीत धुरकं. सगळ्यात स्वच्छ हवा सप्टेंबरात दोन सरींच्या मधे मिळते. घरी आल्यावर लेन्सवरचं मीठ कोरड्या फडक्याने घासू नये, ओरखडे पडतात. आधी ओलसर, मग कोरडं.

या सगळ्याचा उपयोग काय, असं विचारणारे असतात. जुनी विमानवाहू विक्रांत २००१ ते २०१२ संग्रहालय म्हणून या शहरात उभी होती आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तिचे तुकडे झाले. दुसरी विमानवाहू विराट २०२० मध्ये तोडण्यासाठी ओढून गुजरातेत अलंगला नेली. आज त्यांचं जे रोजचं रूप आठवतं, गंजाचे ओघळ, दोरखंड, डेकवर वाळत घातलेले कपडे, ते सरकारी छायाचित्रांत सापडत नाही. तिथे जहाज नेहमी नुकतंच रंगवलेलं असतं. समुद्रावर नजर ठेवण्याची या किनाऱ्याची सवयही जुनी. १६७९ मध्ये महाराज खांदेरी बांधत होते तेव्हा मुंबईचे इंग्रज अस्वस्थ होऊन तिकडेच पाहत होते. त्याच खांदेरीचं नाव आज माझगावात बांधलेल्या पाणबुडीला आहे.

करायचं काय, हे अवघड नाही. इंग्लंडच्या पोर्ट्समथमध्ये बंदराच्या तोंडाशी राउंड टॉवर नावाचा जुना बुरूज आहे. लोक तिथे उभे राहून आत-बाहेर जाणाऱ्या युद्धनौका बघतात, फोटो काढतात, आणि बंदराचा अधिकारी त्या दिवशीच्या ये-जेची यादी आधी प्रसिद्ध करतो. तशी यादी मुंबईने काढावी असं म्हणणं नाही. आपला शेजार वेगळा आहे आणि वरचं सगळं विवेचन वेळ झाकण्याच्याच बाजूचं आहे. पण बुरूज घेता येईल. अपोलो बंदराच्या कठड्यावर एक ठरलेली जागा, तिथे मराठीत एक नकाशा. त्यावर एक रेघ: या रेघेच्या पलीकडचं समुद्रातलं जहाज टिपता येईल, अलीकडचे धक्के, फाटकं, भिंती आणि पाणबुड्यांचा तळ नाही. खाली तीन ओळी: ड्रोन नाही, थेट प्रक्षेपण नाही, आठ दिवसांच्या आत प्रसिद्धी नाही. परदेशी युद्धनौका भेटीला येतात आणि नौदल सप्ताहात जहाजं लोकांना पाहायला उघडतात, तेव्हा ही जागा आपोआप शाळकरी मुलांनी भरेल. जवानाचंही काम हलकं होईल. त्याला लेन्सची लांबी मोजावी लागणार नाही. रेघेकडे बोट दाखवलं की झालं, आणि जो रेघ सोडून भलतीकडे कॅमेरा फिरवतो तो गर्दीत उठून दिसेल. आज सगळेच लपूनछपून काढतात, त्यामुळे खरा संशयित आणि शाळामास्तर यांच्यात फरक करता येत नाही.

अडचण एकच आहे. गेटवेची वास्तू राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, रस्ता पालिकेचा, प्रवासी लाँचचे परवाने मेरीटाइम बोर्डाचे, पाणी बंदर प्राधिकरणाचं, जहाजं नौदलाची आणि शिट्टी मुंबई पोलिसांची. त्या फलकावर सही कोणाची घ्यायची, हे ठरवायलाच पहिली बैठक लागेल.